हॉब घेताय? आधी भांडी तपासा

हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, घ्यायचा म्हटलं की लोक आधी काचेचा रंग बघतात. मी म्हणेन, फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि घरातल्या भांड्यांच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर ते भांडं इंडक्शनवर चालतं. नुसत्या अ‍ॅल्युमिनियमला किंवा तांब्याला ते चिकटणार नाही. स्टीलचं मात्र काही सांगता येत नाही, काही चिकटतं, काही नाही. बूडही सपाट हवं. निम्मी भांडी नापास झाली, तर नव्या भांड्यांचा खर्च हॉबच्या किमतीत धरा.

इंडक्शनमध्ये उष्णता थेट भांड्याच्या बुडातच तयार होते, म्हणून काच फारशी तापत नाही आणि उतू गेलेलं दूध करपून बसत नाही. पण चार झोनच्या, म्हणजे चार भांडी ठेवायची जागा असलेल्या, हॉबला साधारण 7 किलोवॉट लागतात. तेवढा भार घरची वायरिंग पेलेल का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा, विक्रेत्याला नव्हे. घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांनाही.

काचेखाली तापणारी कॉइल असलेल्या सिरॅमिक हॉबवर कुठलंही सपाट भांडं चालतं, पण बंद केल्यावरही तो बराच वेळ चटका देतो. लहान मुलं असतील तर मी तो घेणार नाही.

वीज सारखी जात असेल, किंवा गोल बुडाची कढई सुटत नसेल, तर सरळ गॅस. मात्र ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय हवीच. आणि हो, ओट्यात खाच पाडायची ती हॉब घरी आल्यावरच.