टाइमआउट म्हणजे ‘काम झालं नाही’ असं नसतं, रिप्लाय हरवल्यावर या चुका टाळा

रिक्वेस्ट पाठवली, रिप्लाय आलाच नाही. आता रिक्वेस्टच वाटेत हरवली, की सर्व्हर मध्येच पडला, की काम नीट झालं आणि फक्त उत्तर गायब झालं? इकडे बसून तिन्ही सारखंच दिसतं. पण आपण टाइमआउटला (उत्तराची वाट बघायची मुदत संपणं) सरळ ‘फेल’ समजतो आणि परत पाठवून मोकळे होतो.

मीही केलंय हे. ऑर्डर टाकणारा कॉल, टाइमआउट २ सेकंद, रिट्राय (परत पाठवणं) ३, आणि सर्व्हरवर लोड आला की त्याला लागायचे ३ सेकंद. माझ्या लॉगमध्ये ‘फेल्ड’, तिकडे टेबलात एकाच ऑर्डरच्या ४ ओळी! टाइमआउट वाढवून हे सुटत नाही, फक्त कमी वेळा होतं. क्लायंटनेच रिक्वेस्ट आयडी बनवायचा, रिट्रायला तोच पाठवायचा, आणि सर्व्हरला तो आयडी आधी दिसलेला असेल तर काम परत न करता जुनंच उत्तर द्यायचं. आयडी रिट्रायच्या लूपच्या आत बनवलात तर सगळं मुसळ केरात, प्रत्येक वेळी नवा आयडी जाणार. आणि आयडीची नोंद नि काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही) करा, नाहीतर मध्येच सर्व्हर पडला की परत तोच घोळ.

काही जण तर टाइमआउट लावतच नाहीत. पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत तो आपणहून लागत नाही, आणि समोरचा गपचूप गायब झाला तर टीसीपी (नेटवर्कवर डेटा पोचवणारा प्रोटोकॉल) लगेच सांगेल या भरवशावर राहू नका, लिनक्सवर कीपअलाइव्ह (समोरचा अजून आहे का ते बघायची सोय) चालू केलं तरी पहिली चाचपणी डिफॉल्टने ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी होते.

झीरोएमक्यू (प्रोग्राम्समध्ये मेसेज पाठवायची लायब्ररी) वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिच्या रेक (REQ, रिक्वेस्ट पाठवणाऱ्या) सॉकेटला एक सेंड, एक रिसीव्ह असाच क्रम लागतो, रिप्लाय हरवला आणि तुम्ही परत सेंड केलं की ईएफएसएम (म्हणजे ‘आत्ता हे करता येत नाही’) एरर. सॉकेट बंद करा, लिंगर (न गेलेल्या मेसेजसाठी थांबायचा वेळ) ० ठेवून, आणि नवा उघडा. ‘रेक रिलॅक्स्ड’ ऑप्शन लावून हे टाळता येतं, पण सोबत ‘रेक कोरिलेट’ही (उत्तर कुठल्या रिक्वेस्टचं ते जुळवणारा) लावा, नाहीतर पहिल्या रिक्वेस्टचं उशिरा आलेलं उत्तर दुसरीच्या गळ्यात पडतं आणि हा बग शोधताना माणूस वेडा होतो, कारण एरर कुठेच नसते, फक्त डेटा चुकीचा.

एक प्रोग्राम दुसऱ्याला कॉल करतो, तो तिसऱ्याला, असे थर असतील तर रिट्राय एकाच थरात ठेवा. तीन थर आणि प्रत्येकात ३ प्रयत्न म्हटलं की तळाच्या सर्व्हरवर २७ कॉल, तेही तो आधीच धापा टाकत असताना. दोन प्रयत्नांमधलं अंतर दुप्पट करत न्या, त्यात थोडं रँडम मिसळा म्हणजे सगळे क्लायंट एकदम तुटून पडत नाहीत.

तपासायचं कसं? सर्व्हरमध्ये रिप्लाय पाठवायची तेवढी ओळ कमेंट करा, क्लायंट चालवा आणि टेबलात किती ओळी पडल्या ते मोजा, एकच असायला हवी.