बुद्धिबळाचं रेटिंग अडकलंय? मग इंजिन बंद करा आणि घड्याळ तपासा

रब्बीत आमच्याकडे लाइन बहुतेक रात्रीचीच. हरभऱ्याला ओलित सुरू केलं की स्प्रिंकलरचे पाइप बदलेपर्यंत हाताला काम नसतं. त्या वेळात धुऱ्यावर बसून मी फोनवर ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांत संपणारं बुद्धिबळ, खेळतो. रेटिंग दोन हजारांच्या आसपास पोहोचलं आणि दीड वर्ष तिथून हललं नाही. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ पाहिले, इंजिनकडून, म्हणजे चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामकडून, चुका काढून घेतल्या, फरक शून्य.

शेवटी नेम धरला तो पुतण्याने. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून हा पोरगा बुद्धिबळाच्या नादी लागला. (तो अंतिम सामनाही नेहमीचे दोन डाव बरोबरीत सुटल्यावर कमी वेळेच्या रॅपिड डावांच्या टायब्रेकमध्येच निकाली निघाला होता.) माझ्यापेक्षा सहाशेने कमी रेटिंग असलेल्या या पोराने माझा हरलेला डाव उघडला, वेळेच्या आलेखावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “काका, इथी एक्केचाळीस सेकंद कायले लागले जी?”

चौदावी चाल होती. हत्ती पटावरच्या डी१ घरात न्यावा की ई१ ला, एवढाच प्रश्न. दोन्ही चालले असते. एक्केचाळीस सेकंदांनंतर मी खेळलो तीच चाल, जी पहिल्या दोन सेकंदांत सुचली होती. पुढे एक प्यादं वर असलेला हत्तींचा अंत्यडाव मी झेंडा पडून, म्हणजे वेळ संपून, हरलो.

म्हणून पहिलं काम हे: शेवटचे तीस हरलेले डाव काढा आणि इंजिनला हात लावू नका. ऑनलाइन खेळायच्या साइटांपैकी लिचेसवर विश्लेषणात प्रत्येक चालीच्या वेळेचा आलेख दिसतो, चेस डॉट कॉमवर चालीशेजारी सेकंद दिसतात. वीस सेकंदांपेक्षा जास्त लागलेली प्रत्येक चाल वहीत लिहा. पुढे दोन गोष्टी नोंदवा: ती चाल मागे घेता येण्यासारखी होती का, आणि शेवटी पहिली सुचलेलीच चाल खेळलात का. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त ठिकाणी दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं. ही वही भरायला मला तीन रात्री लागल्या. दीड वर्षात यापेक्षा उपयोगाचं मी काही केलं नव्हतं.

त्यातून निघालेला नियम असा. जे परत फिरवता येत नाही, तिथे वेळ घाला: प्याद्यांची फोड, वजिरांची मारामारी, बळी, अंत्यडावात उतरणं. हत्ती कुठल्या रांगेत, उंट ई२ ला की डी३ ला, असल्या प्रश्नांना पाच सेकंद. ३+२ च्या डावात (तीन मिनिटं, आणि दर चालीला दोन सेकंदांची भर) पहिल्या दहा चाली वीस-पंचवीस सेकंदांत आणि विसाव्या चालीला घड्याळात सव्वा मिनिट शिल्लक, एवढा हिशेब मी ठेवतो. नेहमी जमतोच असं नाही.

ओपनिंगबद्दल फार बोलत नाही. पांढऱ्याने एक आणि काळ्याने दोन पद्धती पुरतात. फक्त त्या इंजिनच्या पसंतीने निवडू नका. लिचेसच्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये ब्लिट्झ आणि तुमच्या रेटिंगचा गट लावा, आणि समोरचे प्रत्यक्षात काय खेळतात ते पाहा.

तीनचा डाव खेळायचा तर ३+० पेक्षा ३+२ खेळा. जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही ३+२ वरच होते. दुसरं कारण आपल्या गावचं: दोन सेकंदांची भर असेल तर नेटचा एखादा धक्का पचतो. सर्व्हर थोड्या विलंबाची भरपाई देतो, पण तिला मर्यादा आहे. संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव मोबाइलवर असतं. तेव्हा रेटिंगचे डाव मी खेळतच नाही.

भरीचे सेकंद कामी येतात ते अंत्यडावात, पण हात आपोआप चालला तरच. हे मांडून पाहा: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती ई१, काळा राजा डी७, हत्ती एच२. चाल पांढऱ्याची. हत्ती ई४! हीच किल्ली. मग राजा एफ७, काळ्याचा शह. राजा जी६, शह. राजा एफ६, शह. राजा जी५, शह. आणि हत्ती जी४ ला येऊन आडवा उभा. शह संपले, प्यादं वजीर होणार. हा लुसेनाचा पूल, एक प्यादं वर असताना हत्तींचा अंत्यडाव जिंकायची रीत. तुम्हाला तो माहीत असणारच, मलाही होता. पण माहीत असणं आणि सहा सेकंदांत खेळणं यात फार अंतर आहे. हीच स्थिती पंधरा सेकंदांच्या घड्याळावर कॉम्प्युटरविरुद्ध खेळा, सलग दहा वेळा जिंकेपर्यंत. मला पहिल्या दिवशी चार वेळाच जमलं. ते झालं की फिलिडोरचा बचाव, म्हणजे अशाच अंत्यडावात एक प्यादं कमी असताना बरोबरी राखायची रीत, तसाच घोटा.

आता प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची चाल होण्याआधीच आपली पुढची चाल लावून ठेवणं. लिचेसवर प्रीमूव्हला वेळ लागत नाही, पण एकच लावता येते. चेस डॉट कॉमवर ओळीने अनेक लावता येतात, प्रत्येकीला ०.१ सेकंद जातो. समोरच्याने मारलं तर परत मारायचं, एवढ्यापुरती ती बिनधोक. कारण परत मारण्यासारखं काही नसेल तर ती चाल रद्दच होते. सवयीची चाल लावून ठेवली की फजिती. १.डी४ जी६ नंतर काळ्याने उंट जी७ प्रीमूव्ह लावली आणि पांढऱ्याने २.उंट एच६ खेळलं, तर काळ्याचा उंट निमूट जी७ ला जाऊन मरतो आणि कोपऱ्यातला हत्तीही धोक्यात. हे मी अनुभवाने सांगतोय, काळा मीच होतो.

कोडी सोपी आणि वेगाने सोडवा. लिचेसचं पझल स्टॉर्म तीन मिनिटांचं आहे, रोज दोनदा पुरे. चुकलेली कोडी मात्र त्याच दिवशी पुन्हा पाहा. बोट पटावर घसरत असेल तर ओटीजी केबल लावून जुना माउस फोनला जोडा, दिसायला विचित्र पण चालतो.

शेवटचा नियम पुतण्याने घालून दिलाय: सलग तीन हार, की फोन खिशात. चौथा डाव रागातच खेळला जातो, आणि वहीतली सगळ्यात लाजिरवाणी पानं त्या डावांचीच आहेत. म्हणून तिसरी हार झाली की मी पाइप बदलायला उठतो, वेळ झालेली नसली तरी.