लोफोटेनची लहान संग्रहालयं: माशाच्या वाटेनं पाहा

आर्क्टिक वृत्ताच्या वर, उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून लोफोटेनची बेटं आहेत. त्यांचा सगळा इतिहास एका माशाभोवती फिरतो, तो म्हणजे कॉड. बॅरेंट्स समुद्रातला कॉड जानेवारी ते एप्रिल अंडी घालायला इथे उतरतो. त्याला स्थानिक लोक 'स्क्रेई' म्हणतात. इथली संग्रहालयं जवळ आली की आत शिरायचं असं केलंत, तर होड्या, पेट्या आणि पिंपं पाहून परत याल. मासा समुद्रातून निघून व्यापाऱ्याच्या घरापर्यंत कसा पोहोचला, त्या क्रमानं पाहिलंत तर प्रत्येक वस्तू आपली जागा घेते.

आधी तारखा ठरवा, कारण इथे एक अडचण आहे. मासे लाकडी माचांवर साधारण फेब्रुवारी ते मे टांगलेले असतात आणि जून संपेपर्यंत माचा बहुतेक रिकाम्या होतात. उलट लहान संग्रहालयं पूर्ण वेळ उघडतात ती जून ते ऑगस्ट. जुलैत गेलात तर दारं उघडी, माचा ओस. मार्चमध्ये गेलात तर माचा भरलेल्या आणि बरीच दारं बंद. दोन्ही हवं असेल तर मेचा शेवटचा किंवा जूनचा पहिला आठवडा धरा आणि प्रत्येक ठिकाणी आधी ईमेल करून विचारा.

वेळापत्रक वाचताना चूक होते ती 'उके' या शब्दापाशी. उके म्हणजे आठवडा. नॉर्वेत 'उके २६–३३' असं वर्षातल्या आठवड्याच्या क्रमांकानं लिहायची पद्धत आहे. म्हणजे ढोबळमानानं जूनअखेर ते ऑगस्टचा मध्य. आठवडा सोमवारी सुरू होतो, म्हणून फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे क्रमांक चालू करून ठेवा. 'स्टेंग्ट' म्हणजे बंद. १ मे, १७ मे आणि मे-जूनमध्ये येणाऱ्या चर्चच्या सुट्ट्या वेगळ्या तपासा. पैसे कार्डानं द्या. नॉर्वेजियन लोक वापरतात ते विप्स ॲप तिथल्या बँकखात्याशी जोडलेलं असतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

सुरुवात कबेलवोगजवळच्या स्टोरवोगनपासून करा; बेटांवरचं मुख्य गाव स्वोल्वेर, तिथून ते काही किलोमीटरवरच आहे. लोफोटम्युझीट हे संग्रहालय १८१५ च्या सुमाराच्या एका मोठ्या घरात आहे. हे घर गावाच्या मालकाचं होतं. जमीन, धक्का, दुकान आणि मच्छीमारांची खोपटी सगळी त्याचीच. मासाही बहुतेक त्यालाच विकावा लागे. म्हणून उधारी फिटायची नाही. समुद्रावरचा मालकांचा ताबा मोडून मासेमारी खुली झाली ती १८५७ च्या कायद्यानं. घरातली दिवाणखान्याची खोली पाहिल्यावर लगेच आवारातल्या 'रोरबू'मध्ये, म्हणजे मच्छीमारांच्या खोपटात जा, मध्ये चहाला थांबू नका. एका खोलीत नावेचे सगळे खलाशी, एका फळीवर दोघे झोपायचे. हा फरक अंगावर येतो तो लागोपाठ पाहिल्यानंच. रोरबूत मच्छीमाराची पेटी शोधा. हंगामाची शिदोरी तिच्यातून यायची. झाकणाची आतली बाजू आणि मालकाची आद्याक्षरं बघायला विसरू नका. शेजारीच मत्स्यालय आणि चित्रकार एस्पोलिन यांचं चित्रदालन आहे. एकत्र तिकीट मिळतं का ते खिडकीवर विचारा. तिन्हींना मिळून तीन तास तरी ठेवा.

स्वोल्वेरमधलं युद्धस्मृती संग्रहालय लहान आणि वस्तूंनी खच्चून भरलेलं आहे. ४ मार्च १९४१ रोजी ब्रिटिश आणि नॉर्वेजियन सैनिकांनी इथले मासळी-तेलाचे कारखाने उडवले. त्या तेलापासून मिळणारं ग्लिसरीन तेव्हा नॉर्वे बळकावून बसलेल्या जर्मनांना स्फोटकांसाठी लागायचं. एवढं डोक्यात ठेवून गेलात तर एक तास पुरतो.

पुढचा रस्ता ई-१०. स्वोल्वेर ते टोकाचं 'ओ' गाव सुमारे १३० किलोमीटर, पण रस्ता अरुंद आहे आणि उन्हाळ्यात कॅम्पर गाड्यांची रांग असते. तीन तास धरा. सगळं एका दिवसात कोंबू नका. बस असेल तर एन्टूर ॲपमध्ये नेमकी तारीख घालून बघा, कारण काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवशी धावतात.

वाटेत बोर्ग. १९८१ मध्ये शेत नांगरताना इथे व्हायकिंग काळातल्या वस्तीचे अवशेष वर आले. उत्खननात ८३ मीटर लांबीचं सरदाराचं घर निघालं. १९९५ पासून त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती पाहायला मिळते. मूळ घराची जागा शेजारीच आखलेली आहे. आधी तिच्यावरून चालत जा, मग आत शिरा. पुढे सुंद गावातल्या संग्रहालयात लोहाराची भट्टी आणि जुन्या बोटींची इंजिनं आहेत. इंजिन चालू करून दाखवतील का, हे विचारायला संकोचू नका.

'ओ' गावासाठी निम्मा दिवस राखून ठेवा. नकाशात शोधताना रोमन 'ए' अक्षरावर वर्तुळ असलेलं चिन्ह (Å) टाका आणि पुढे लोफोटेन लिहा, कारण नॉर्वेत या नावाची गावं अनेक आहेत. इथलं मासेमारी-गाव संग्रहालय एकाच इमारतीत नाही, वस्तीभर पसरलेलं आहे: नावांची शेड, लोहारशाळा, १८४४ ची बेकरी, यकृताचं तेल काढायची जागा. पूर्वी यकृतं पिंपात कुजू देत आणि काळपट तेल निघे. १८५३ मध्ये औषधनिर्माते पीटर मोलर यांनी वाफेवर ती शिजवायची रीत आणली, तेव्हा स्वच्छ तेल मिळू लागलं. दारांच्या चौकटी बुटक्या आणि उंबरे उंच आहेत, डोकं आणि पाय दोन्ही सांभाळा. बेकरीतले दालचिनीचे बन सकाळीच घ्या.

शेवटी याच गावातलं सुक्या माशाचं संग्रहालय. आपल्याकडे बोंबील वलांडीवर वाळतात, तसाच हा मासा बिनमिठाचा, शेपट्या एकत्र बांधून जोडीनं टांगलेला. फरक हवेचा. शून्याच्या आसपासचं तापमान आणि वारा हवा. फार गोठलं तर मांस फाटतं, ऊब आली तर माश्या बसतात आणि मासा सडतो. चार-पाच किलोंचा मासा वाळून एक किलोच्या आसपास उरतो. चांगल्या मालाचं मोठं गिऱ्हाईक इटली, तर वाळवलेली डोकी नायजेरियाला जातात. संग्रहालयातल्या माणसाला दोन वेगळ्या प्रतींचे मासे हातात द्यायला सांगा. पोटाची आतली बाजू उजेडात धरा, वास घ्या, आणि प्रत कशी ठरली ते त्याच्याकडून समजून घ्या.