वाळूमाशी घरातून कशी हटवावी

अंगणातलं डबकं बुजवलं, टाकीला झाकण बसवलं, तरी वाळूमाशी जात नाही. ती पाण्यात अंडी घालतच नाही. भिंतीच्या भेगा, गोठ्यातली ओलसर माती, शेणकचरा हे तिचं माहेर. नावात वाळू आहे, तेवढीच.

आधी ती आहे का ते बघा. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन गोठ्याच्या कोपऱ्यात, भिंतीच्या बुडाशी बसा. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, मातकट, केसाळ माशी दिसेल. बसली तरी पंख मिटत नाही, उभे धरते. बोट नेलं की भुर्रकन न उडता टुणटुण उड्या मारत सरकते. गुणगुण नाही, त्यामुळे चावली की मगच कळतं. रक्त पिते ती फक्त मादी.

मग भेगा बुजवा. पोपडे खरवडून काढा आणि माती-चुन्याने लिंपा. सिमेंट परवडत असेल तर उत्तमच. हे काम भिंतींवरच्या कीटकनाशक फवारणीच्या आधी उरका. आपल्याकडे फवारणीवाले गेले की आठवड्यात सणाचं सारवण निघतं आणि भिंतीवरचं औषध शेणाखाली गाडलं जातं! फवारलेली भिंत निदान अडीच महिने लिंपू नका.

गोठा रोज झाडा, उकिरडा घरापासून लांब न्या, लेकरांना गोठ्यालगत झोपवू नका. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही सहज आत शिरते. बारीक विणीची किंवा औषध लावलेली घ्या. पंखाही कामाचा, कारण वाऱ्यापुढे हिचं काही चालत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? बिहार-झारखंडात हिचीच एक जात काळा आजार, म्हणजे आठवडेच्या आठवडे ताप आणून जिवावर बेतणारा रोग पसरवते. आपल्याकडे धास्ती हिच्यामार्फतच पसरणाऱ्या, मुलांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूची. १९६५ मध्ये नागपूरकडच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. २००३ मध्ये त्याने आंध्र आणि विदर्भातली मुलं नेली, २०२४ मध्ये गुजरातमधली. लस नाही, नेमकं औषधही नाही.

म्हणून पावसाळ्यात मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी आली तर सकाळची वाट बघू नका. दुखणं एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकतं. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा.