एनक्लेक्स: डॉक्टर येईपर्यंत सिस्टरने काय करायचं?

आपल्याकडे नर्सचं रजिस्ट्रेशन हे मुख्यतः कागदपत्रांचं काम असतं. जीएनएमचा डिप्लोमा असो की बीएस्सीची पदवी, शेवटचं वर्ष पास झालं की मार्कशीट घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज करायचा, नंबर घ्यायचा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहायचं. लायसन्सची अशी वेगळी परीक्षा नसते. अमेरिकेत कॉलेजची परीक्षा पास झाल्यावरही एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा द्यावीच लागते (आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स), आणि बाहेरच्या देशातून येणाऱ्या नर्सलाही तीच परीक्षा, तेच निकष.

मी ही परीक्षा पुण्यात आयसीयूची नोकरी करत करत दिली आणि पास झाले. आमच्या युनिटमधल्या केरळच्या मुलींना यातलं सगळं घरातूनच माहीत असतं. कुणाची मावशी टेक्ससमध्ये, कुणाची वहिनी डब्लिनला. लातूर-बीडकडच्या मुलीला विचारायला कुणी नसतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ग्रुप निम्मे मल्याळममध्ये. म्हणून हे लिहायला घेतलं.

अभ्यासाच्या आधी कागदपत्रं. यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. डिप्लोमा आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, आणि पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतो आणि परवानगीच्या पत्रावरचं नाव पासपोर्टशी जसंच्या तसं जुळावं लागतं. तेव्हा अर्जाचं पहिलं पान उघडण्याआधी कोणतं नाव चालवायचं ते एकदाच ठरवा, विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर तेच नाव, त्याच क्रमाने लिहा.

दुसरी गोष्ट ट्रान्सक्रिप्ट. तिकडे नुसते मार्क चालत नाहीत. मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती आणि मानसिक आरोग्य या विषयांचे थिअरीचे तास किती आणि क्लिनिकलचे किती, हे वेगवेगळं दाखवावं लागतं. जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या जुन्या नर्सिंग स्कूलमधून शिकला असाल तर ऑफिसमधल्या क्लार्कला नुसतं 'ट्रान्सक्रिप्ट द्या' म्हणून भागत नाही. नमुन्याची प्रिंट समोर ठेवावी लागते आणि पुढे गोड बोलून पाठपुरावा करावा लागतो. हे कागद बहुतेक वेळा नर्सिंग स्कूलकडून थेट मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे जावे लागतात. ही संस्था म्हणजे फिलाडेल्फियाची सीजीएफएनएस, तिचं नाव २०२५ पासून ट्रूमेरिट झालं आहे. अर्ज अमेरिकेतल्या कोणत्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे करता यावर कोणता अहवाल लागेल ते ठरतं. काही राज्यं अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, आणि भारतात बसलेल्या माणसाकडे तो नसतोच. त्यामुळे मैत्रिणीने केलं म्हणून तेच राज्य निवडू नका, आधी त्या बोर्डाची अट स्वतः वाचा.

खर्चाचं म्हणाल तर परीक्षेची फी २०० डॉलर, भारतातून द्यायची तर आणखी १५० डॉलर आणि वर कर. बोर्डाची आणि मूल्यांकनाची फी वेगळी. बोर्डाने पात्र ठरवलं की ईमेलने परवानगीचं पत्र येतं, त्याला सगळे एटीटी म्हणतात. त्याची मुदत साधारण ९० दिवसांची असते आणि ती वाढवून मिळत नाही. म्हणजे पत्र आल्यावर अभ्यासाला बसू, हा हिशेब चालत नाही. कागद फिरत असतात तेच अभ्यासाचे महिने.

आता परीक्षा कशी असते ते. ही कॉम्प्युटरवरची परीक्षा आहे आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न बदलतो. बरोबर उत्तर दिलंत की पुढचा जड, चुकलात की पुढचा थोडा हलका. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, आणि वेळ पाच तास, त्यातच मधल्या सुट्ट्या. तुम्ही पास होण्याच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची ९५ टक्के खात्री मशीनला पटली की स्क्रीन बंद होते. ८५ वर बंद झालं म्हणजे पास, ही वॉर्डावॉर्डात फिरणारी अफवा आहे. ८५ वर नापासही होतात आणि १५० पर्यंत जाऊन पासही होतात. परीक्षाभर आपलं निम्मं चुकतंय असं वाटत राहतं. ते तसंच वाटायला हवं, कारण मशीन तुम्हाला तुमच्या कुवतीच्या काठावरचेच प्रश्न देत असतं.

१ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललं. आता केस स्टडीचे तीन संच असतात, प्रत्येकात सहा प्रश्न. एकाच पेशंटचे नर्सिंग नोट्स, व्हायटल्स, लॅब रिपोर्ट, ऑर्डर्स स्क्रीनवर उलगडत जातात. कोणत्या खुणा महत्त्वाच्या, त्यांचा अर्थ काय, आधी कशाकडे बघायचं, काय काय करता येईल, आत्ता काय कराल आणि केल्याचा उपयोग झाला का, अशी पायरी-पायरीने विचारणा होते. 'लागू असतील ती सगळी निवडा' या प्रकाराला आता थोडे थोडे गुण मिळतात, पण चुकीच्या पर्यायावर टिचकी मारली की गुण वजाही होतो. त्या प्रश्नाची बेरीज शून्याखाली जात नाही, तरी 'सगळ्यांवर टिक करून टाकू' हे चालत नाही.

इथपर्यंतचं सगळं इंटरनेटवर मिळतं. मराठी नर्सला खरी अडचण कुठे येते, ते कुणी सांगत नाही.

आपण ज्या वॉर्डात घडलो तिथे रात्री चाळीस पेशंटला दोन सिस्टर असतात. पेशंटचं काही बिघडलं की पहिली कृती ठरलेली: आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, फोन. ते शहाणपणाचंच असतं, कारण आपल्याकडे ऑर्डरशिवाय हात लावला तर सकाळी मेट्रनच्या ऑफिसात उभं राहावं लागतं. एनक्लेक्समध्ये मात्र 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय बऱ्याच प्रश्नांत गळासारखा लावलेला असतो. परीक्षेचं विचारणं असतं, डॉक्टर फोन उचलेपर्यंत तू काय करणार? रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजून ताप आला, कंबर दुखायला लागली: आधी रक्त बंद, मग नवीन सेट लावून नॉर्मल सलाइनने शीर चालू ठेवायची, आणि मग फोन. छातीच्या नळीचं कनेक्शन बाटलीपासून सुटलं: नळीचं टोक स्टेराइल पाण्यात बुडवायचं. ऑक्सिटोसिन चालू असताना बाळाचे ठोके कळेनंतर उशिरा खाली जायला लागले: आईला कुशीवर वळवा, ऑक्सिटोसिन थांबवा, मग कळवा. लेबर रूममध्ये राबलेल्या सिस्टरला हे सगळं येतं. तिने ते शंभरदा केलेलं असतं. पण पेपरमध्ये तिचं बोट सवयीने फोनच्या पर्यायाकडे जातं.

याचा उलटा अर्थही घेऊ नका. प्लास्टर घातलेल्या पायात मॉर्फिन देऊनही न थांबणारी कळ आहे, बोटं नुसती सरळ केली तरी पेशंट ओरडतोय, तिथे सिस्टरच्या हातात थांबवण्यासारखं काही नसतं. पाय उशीवर उंच ठेवणंही चूक. तिथे ताबडतोब फोन हेच उत्तर. मी प्रत्येक प्रश्नाला एकच गोष्ट विचारायची सवय लावली: माझ्या हातात असं काही आहे का, जे या मिनिटाला पेशंटला वाचवेल? असेल तर ते आधी. आणि प्रश्नात पुरेशी माहिती नसेल तर आधी पेशंट तपासणं हेच काम.

कामाची वाटणी हा दुसरा डोंगर. आपल्या वॉर्डात सिस्टर, मावशी, मामा आणि पेशंटचे नातेवाईक मिळून गाडा ओढतात. नातेवाईक स्पंजिंग करतात, युरिन बॅग ओततात, सलाइन संपलं की हाक मारतात. परीक्षेतल्या हॉस्पिटलात नातेवाईक कामाला नसतात. तिथे आरएन, तिच्या खाली एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स आणि त्याखाली सहायक. पेशंट पहिल्यांदा तपासणं, पेशंटला शिकवणं, उपचाराचा परिणाम जोखणं आणि अस्थिर पेशंट, ही कामं आरएन कुणाला देत नाही. स्थिर पेशंटच्या गोळ्या आणि ड्रेसिंग एलपीएनला. अंघोळ, चालवणं, स्थिर पेशंटचे व्हायटल्स सहायकाला. २०२३च्या आराखड्यात या 'मॅनेजमेंट ऑफ केअर' भागाला १५ ते २१ टक्के प्रश्न आहेत, सगळ्यांत जास्त. औषधांना १३ ते १९. आपल्याकडच्या मुली औषधं पाठ करत बसतात आणि हा भाग 'कॉमन सेन्स आहे' म्हणून सोडतात. तो कॉमन सेन्स अमेरिकेतला आहे, आपल्या वॉर्डातला नाही.

पेशंटशी बोलण्याचे प्रश्न तर आपल्या स्वभावावरच येतात. स्तनाचं ऑपरेशन झालेली बाई म्हणते, 'नवरा आता माझ्याकडे बघणारही नाही.' आपण काय म्हणतो? 'असं काही नाही हो ताई, सगळं नीट होईल.' परीक्षेत हा पर्याय असतोच, आणि तो चुकीचा, कारण ती खोटी खात्री झाली. 'असं का वाटतं तुम्हाला?' हेही चूक, 'का' विचारलं की माणसाला सफाई द्यावी लागते. बरोबर उत्तर साधारण असं: 'ऑपरेशननंतर मिस्टरांशी नातं कसं राहील, याची तुम्हाला काळजी वाटतेय.' वाचायला कोरडं वाटतं खरं. पण यानंतर बाई पुढे बोलते आणि 'सगळं नीट होईल' यानंतर गप्प बसते, हे मी नंतर आमच्याच आयसीयूच्या बाहेर बघितलं आहे. तसंच, कॅन्सर झाल्याचं पेशंटला सांगू नका म्हणून मुलगा दारात अडवतो, हे आपल्याकडे रोजचं. तिकडे पेशंट शुद्धीत आणि जाणता असेल तर निर्णय त्याचाच.

मानसिक आरोग्य हा आपला कच्चा विषय. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातलं पोस्टिंग केस स्टडी उतरवण्यातच संपतं. लिथियम या औषधाची रक्तातली पातळी ०.६ ते १.२ हवी, पेशंटला जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ती वाढून विषबाधा होऊ शकते. असल्या गोष्टी नव्याने वाचाव्या लागतात.

औषधांची नावं सुरुवातीलाच एका वहीत लिहून काढा. पॅरासिटामॉल तिकडे असिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडीन. परीक्षेत ब्रँड नसतात, आणि आपण वॉर्डात 'लॅसिक्स दे गं' म्हणतो, फ्युरोसेमाइड तोंडात येत नाही. वजन पौंडांत देतात, २.२ ने भागून किलो काढायचे. मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आपण बऱ्याच ठिकाणी कमरेत टोचतो, तिकडे ते शिरेतून चालू असतं. पण गुडघ्याचा झटका, श्वास आणि लघवी बघायची, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवायचं, हे तेच.

अभ्यास ड्युटीबरोबर बसवताना मी एक गोष्ट पाळली: नाइट करून आल्यावर प्रश्न सोडवायचे नाहीत, तेव्हा फक्त ऐकायचं किंवा झोपायचं. प्रश्न सुट्टीच्या आणि इव्हनिंग ड्युटीच्या सकाळी. रोज किती सोडवले यापेक्षा उत्तरांचं स्पष्टीकरण वाचणं महत्त्वाचं, बरोबर आलेल्या प्रश्नाचंसुद्धा, कारण पुष्कळदा उत्तर बरोबर आणि कारण भलतंच असतं. सशुल्क प्रश्नपेढी एकच घ्या आणि ती संपवा. परीक्षा घेणाऱ्या एनसीएसबीएनच्या संकेतस्थळावर पूर्ण आराखडा फुकट आहे. क्लास लावण्याआधी तो वाचा. क्लास हवाच असं नाही. 'पैसे भरा, पास करून देतो' म्हणणारे एजंट भेटतील. केंद्रावर तळहाताच्या शिरांचं स्कॅन होतं, तुमच्याऐवजी कुणी बसू शकत नाही, आणि फुटलेल्या प्रश्नांच्या नादात लायसन्स कायमचं जाऊ शकतं.

मुंबईत केंद्र आहे. बाहेरगावाहून जात असाल तर आदल्या रात्री मुक्कामाला जा, पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. घड्याळ, मोबाइल, पर्स सगळं लॉकरमध्ये. लिहायला पुसता येईल असा बोर्ड मिळतो, कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. दोन तासांनी सुट्टी घ्यायची मुभा असते, ती घ्या. ७०-८० प्रश्नांनंतर डोळे वाचतात पण डोकं वाचत नाही.

नापास झालात तर पुन्हा द्यायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. सोबत एक अहवाल येतो, त्यात प्रत्येक विभागात तुम्ही रेषेच्या वर, जवळ की खाली ते लिहिलेलं असतं. 'खाली' आलेल्या विभागापासूनच पुन्हा सुरुवात करा, पहिल्या धड्यापासून नको.

आणि पास झाल्यावरचं थोडं, कारण हे आधी माहीत असलेलं बरं. पास होणं म्हणजे व्हिसा नाही. व्हिसासाठी नर्सला व्हिसास्क्रीन नावाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी इंग्रजीच्या आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिक परीक्षेत एकूण ६.५ आणि बोलण्यात ७ लागतात. नर्स ग्रीन कार्डच्या ज्या ईबी-३ वर्गातून जातात, त्यात भारतीयांची रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे. आमच्यातल्या काही जणींनी याच निकालावर दुसरा रस्ता धरला: कॅनडात २०१५ पासून एनक्लेक्स-आरएनच चालते, आणि ऑस्ट्रेलियात २०२० पासून बाहेरच्या अनेक नर्सना ही परीक्षा आणि नंतर ऑस्ट्रेलियातच प्रात्यक्षिक द्यावं लागतं. कुठे जायचं ते ठरेपर्यंत इथलं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवा. पुढच्या प्रत्येक अर्जात त्याची पडताळणी मागतात.