सुखाची वही: वय वाढताना स्वतःचं समाधान कसं मोजावं

वहीच्या पानावर एक शिडी काढा. सर्वात खालची पायरी ०, वरची १०. वरची म्हणजे तुमच्या दृष्टीने चांगल्यात चांगलं आयुष्य, खालची म्हणजे वाईटात वाईट. आज आपण जिथे आहोत असं वाटतं, तिथे फुली मारा. ही शिडी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची. त्यांनी ती १९६५ मध्ये पुस्तकरूपाने मांडली, आणि देशोदेशीच्या पाहण्यांत ती आजही वापरतात. मी संख्याशास्त्र शिकवत आले, पण आमच्या घरात ही वही आली ती वेगळ्या कारणाने. पन्नाशी जवळ आली तेव्हा नवरा आणि मी दोघंही आतून थकलो होतो, आणि दुसऱ्याचं मात्र बरं चाललंय अशी दोघांचीही समजूत होती.

फुली मारायची ती एखाद्या साध्या, कामाच्या दिवशी. वाढदिवस, सणवार, भांडणाचा दिवस टाळा. जोडप्याने दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात आणि दोघांचं लिहून झाल्याशिवाय एकमेकांच्या वहीत डोकावू नये. माझं हे सांगणं थोडं कडक वाटेल, पण जोडीदाराचा आकडा दिसला की आपला नकळत त्याच्याकडे सरकतो.

एका आकड्यावर थांबू नका. मोठ्या शिडीशेजारी चार छोट्या काढा: पैसा, घरची माणसं, तब्येत, काम. खरी माहिती इथे मिळते. एका वर्षी आम्हा दोघांचीही मोठी फुली सहावर होती. छोट्या शिड्या पाहिल्या तर त्याचा पैसा आठवर आणि तब्येत चारवर. माझी तब्येत सातवर आणि घरची माणसं चारवर. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि रात्रीचं त्यांना उठवणं-बसवणं माझ्याकडे होतं. तो दिवसा सगळं करायचा, म्हणून वाटणी बरोबर आहे असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या चाराकडे बोट दाखवून बोलता आलं, आणि रात्री वाटून घेतल्या गेल्या.

पुरुष आणि स्त्रियांच्या सुखाचं वेळापत्रक एक नसतं, हे आकडेवारीतही दिसलं आहे. अँके प्लान्योल आणि रिचर्ड ईस्टरलिन यांनी २००८ मध्ये अमेरिकन स्त्री-पुरुषांची माहिती मांडली. तरुणपणी स्त्रिया अधिक समाधानी होत्या, पुढे चित्र उलटलं. पैशाच्या समाधानात पुरुष ४१ च्या सुमारास पुढे गेले, एकूण सुखात ४८ च्या सुमारास आणि कौटुंबिक समाधानात ६४ च्या. हवं ते घर-संसार आणि वस्तू स्त्रियांच्या पदरात आधी पडतात. उतारवयात एकटेपणा आणि पैशाची ओढाताण त्यांच्याच वाट्याला जास्त येते. ही एका देशाची, एका काळाची सरासरी आहे. तिचा उपयोग एवढाच, की चाळिशी ओलांडलेल्या बाईने पैशाची शिडी स्वतःच्या नावाने भरावी. खात्यात आपलं काय आहे, आपण एकट्या राहिलो तर किती पुरेल, हे धरून. घरच्या एकत्र कमाईकडे बघून मारलेली फुली मी मानत नाही.

आता सर्वात मोलाचा रकाना: पाच वर्षांनी मी कुठल्या पायरीवर असेन? आकडा लिहा, खाली तारीख घाला. हानेस श्वांट यांनी जर्मनीतल्या लोकांचे असे अंदाज आणि पाच वर्षांनंतरचं त्यांचं प्रत्यक्ष समाधान पडताळून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. तरुणांचे अंदाज फार वर निघाले, वयस्कांचे फार खाली. मध्यमवयात माणूस दोन्हीकडून सापडतो: जुन्या अपेक्षा पुऱ्या झालेल्या नसतात आणि पुढची आशाही आटत असते. म्हणून जुना अंदाज आणि आजची फुली यांत फरक पडला, तर आधी अंदाजाकडे बघा. तो आकडा मी माझ्या इच्छेने लिहिला होता, की वडिलांच्या, वर्गमित्रांच्या, भावंडांच्या आयुष्याकडे बघून? माझ्या नवऱ्याने स्वतःच्या एका जुन्या अंदाजापुढे "बढती धरून" असं लिहिलं होतं. बढती आली नाही, पण संध्याकाळ मोकळी मिळू लागली. ती त्याच्या हिशेबातच नव्हती.

मध्येच आकडा खाली गेला तर घाबरू नका. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वल्ड यांनी २००८ मध्ये ७२ देशांत हा चाळिशी-पन्नाशीचा खळगा दाखवला, स्त्रियांत आणि पुरुषांतही. २०१२ मध्ये चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्याबाबत त्यांची देखभाल करणाऱ्यांना विचारलं, तर तिथेही मध्यमवयात तसाच उतार मिळाला. मात्र बहुतेक पाहण्या एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारतात. एकाच माणसाची वर्षानुवर्षांची नोंद त्याहून बोलकी, म्हणून तर ही वही. आणि विशीतल्या मुलीला "हेच तुझे सुखाचे दिवस" असं सांगू नका. अलीकडे अनेक देशांत तरुणांचं, त्यातही तरुण मुलींचं मनःस्वास्थ्य ढासळलेलं दिसतंय. तिला शिडी द्या आणि ती काय लिहिते ते ऐका.

शिडीखाली "काल" अशी एक ओळ ठेवा: ताण, राग, काळजी, आनंद, यांतलं काल काय होतं. आयुष्याबद्दलचं मत वेगळं आणि दिवस कसा गेला ते वेगळं. २०१० मध्ये छापल्या गेलेल्या तीन लाखांहून अधिक अमेरिकनांच्या पाहणीत ताण आणि राग तरुणपणापासूनच उतरत गेलेले दिसले. काळजी मात्र पन्नाशीपर्यंत तशीच राहून मग कमी झाली.

दोन आठवडे फुली तळाशीच असेल, झोप आणि भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही मिटा आणि डॉक्टरांकडे जा. याला वयाचा खळगा म्हणत बसू नका. नैराश्याचं निदान स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं; आत्महत्या मात्र बहुतेक देशांत पुरुषांच्या जास्त. "सहा" लिहून गप्प बसणाऱ्या पुरुषाला म्हणून दोनदा विचारा. बाईने पाळी जाण्याच्या वयातली मोडलेली झोप, अंगाची लाही, चिडचिड डॉक्टरांना स्पष्ट सांगावी, उपचार आहेत.

वर्षाला एकच छोटी शिडी निवडा, सर्वात खालची, आणि ती एक पायरी वर न्यायला काय करता येईल एवढंच लिहा. साठीनंतर पाच वर्षांच्या अंदाजाचा रकाना कोरा ठेवावासा वाटतो, "आता काय राहिलंय" म्हणून. तो भरा, आणि पहिल्यांदा सुचेल त्यापेक्षा एक पायरी वर भरा. त्या वयातले अंदाज कमीच निघतात.