पऱ्हाटी, कडबा आणि पांढरी माती: घरी नाताळची गव्हाण कशी करावी

नाताळचा देखावा, म्हणजे गोठ्यातल्या येशूजन्माचा देखावा, विकत आणू नका. प्लास्टरचे संच दिसतात छान, पण त्यात लेकरांच्या हाताला काही काम उरत नाही. आपल्याकडे डिसेंबरात लागणारं सगळं सामान शिवारातच असतं. फक्त घाई नको. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीच्या दिवसांच्या) पहिल्या दिवशी हात घाला. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी येतो.

आधी माती. काळी माती घेऊ नका. वाळताना ती आक्रसते आणि बैलाची शिंगं, गाढवाचे कान सगळ्यात आधी निखळतात. जुन्या पडक्या भिंतीची पांढरी माती आणा, चाळून घ्या, थोडं शेण आणि मूठभर गव्हाचा भुसा घालून पुरणाच्या कणकेसारखी तिंबा. गोळा ओल्या पोत्याखाली रात्रभर मुरू द्या. सकाळी बोटानं दाबून बघा. कडेला चीर पडली तर पाण्याचा हात लावून परत तिंबायचं. जनावरांचे पाय जाडच ठेवा, बारीक पाय तग धरत नाहीत. वाळवायचं सावलीत. उन्हात वरचं कातडं लवकर सुकतं, आत ओल राहते आणि पोट फुटतं.

गोठा दीड फुटाचा पुरे. पऱ्हाट्यांचे चार खांब सुतळीनं बांधा, वर कडबा किंवा पाचट अंथरा. कापूस घरात कितीही असो, बर्फ म्हणून छपरावर चिकटवू नका. हे माझं ठाम मत आहे. ती कार्डांवरची हौस आहे, येशूचा जन्म झाला त्या बेथलेहेमच्या गोष्टीत बर्फाचा उल्लेख कुठंही नाही. आणि कडब्याजवळ मेणबत्ती तर अजिबात नको. छोटी विजेची माळ लावा.

आता खरं काम: सगळं एकदम मांडायचं नाही. गोष्ट जशी पुढं सरकेल तशी एकेक मूर्ती आत यायची.

पहिल्या रविवारी नुसता गोठा आणि रिकामी गव्हाण. दुसऱ्या रविवारी बैल आणि गाढव. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, ही जनावरं नाहीत बरं का. बैल धन्याला ओळखतो, गाढव आपलं ठाण ओळखतं, पण माझी माणसं मला ओळखत नाहीत, असं यशया संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो. तिथून ती देखाव्यात आली. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असा देखावा केला, तेव्हा तर खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं.

तिसऱ्या रविवारी येशूची आई मरीया आणि तिचा नवरा योसेफ निघतात, पण गोठ्यात नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. रोमचा सम्राट कैसर औगुस्त यानं नावनिशीचा (शिरगणतीचा) हुकूम काढला म्हणून हे नासरेथहून बेथलेहेमला चालले. सरळ रेषेत धरलं तरी ११० किलोमीटर, आणि मरीयेला दिवस गेलेले. लेकरांना रोज वीतभर पुढं सरकवू द्या.

आमच्या घरी, जालन्यात, याच दिवसांत आजी कुटीची टोपली गव्हाणीशेजारी ठेवायची. कुणाचं न सांगता काम केलं की एक काडी गव्हाणीत टाकायची. पाणी भरलं, एक काडी. धाकट्याला मारलं नाही, तरी एक काडी, यावर आम्ही हुज्जत घालायचो. आजी म्हणायची, "जिथं आपण शेण काढतो तिथं देव येऊन निजला. मग त्याला बोचू नये एवढं तर अंथराल की नाही?" देव मोठेपणा सोडून माणसांत आला, हे मला कुठल्या प्रवचनापेक्षा त्या टोपलीनं जास्त शिकवलं.

चोवीसच्या रात्री ढोलकी, टाळ, खंजिरी घेऊन गायनाची मंडळी दारोदार फिरते. रेव्हरंड टिळकांनी अभंग-भजनाच्या वळणावर भक्तिगीतं लिहिली, त्यामुळं आमचा नाताळही भजनातच रंगतो. मंडळी गेली, चहाचे कप विसळून झाले, की घरातल्या सगळ्यात लहान लेकराच्या हातानं बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवायचं. लगेच मेंढपाळ आणा. हे आपल्या लेकरांना समजावून सांगावं लागत नाही. शेतात मेंढ्या बसवणारे, घोंगडी पांघरून रात्र काढणारे धनगर त्यांनी पाहिलेले असतात. देवदूतानं बातमी पहिल्यांदा अशाच माणसांना दिली, राजवाड्यात नाही.

"तारीख कुठं लिहिलीय?" असं एखादं लेकरू विचारतंच. बायबलमध्ये नाही, असं सरळ सांगा. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण असल्याची नोंद इ.स. ३३६ ची आहे.

करंज्या-चिवड्याचं मी काही सांगत नाही, ते तुम्हाला येतं. शेजाऱ्यांकडं ताट आधी पाठवा, एवढंच.

मागी लोकांना, म्हणजे बाळाला भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना, मात्र नाताळच्या दिवशी गोठ्यात उभं करू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे ते घरात आले, आणि ते किती जण होते हेही त्यानं सांगितलेलं नाही. भेटी तीन, म्हणून आपण तीन करतो. त्यांना खिडकीपासून चालवत ६ जानेवारीला पोचवा. त्या दिवशी निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाका. सोनं, ऊद, गंधरस यांतलं ऊद तरी लेकरांना नाकानं कळेल.

मग आवराआवर. कडबा गाईला घाला. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात भरा आणि डबा माळ्यावर ठेवा. खाली ठेवला तर पावसाळ्यात माती ओल धरते आणि भुशामुळं उंदीर लागतात.